मोकळीकीचा कागद

त्रिनिदाद हे नाव आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक झाले. १९७१ साली सुनील गावसकर आपली पहिली कसोटी खेळले ती त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेन या राजधानीच्या शहरात. कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याला जवळजवळ चिकटलेले हे बेट. तिथे अली, खान, मोहम्मद, हुसेन अशी आडनावे लावणारी हजारो कुटुंबे राहतात. १९८७ ते १९९७ या काळात त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष नूर हसनअली हे होते. अमेरिका खंडांत राष्ट्रप्रमुखपदी बसलेले ते पहिले मुसलमान. ही माणसे तिथे कशी पोहोचली याची हकीकत थोडीबहुत लिहिली गेली आहे. परंतु तिथे राहण्यासाठी आणि काम करण्यासाठी परक्या माणसाला कोणकोणते कागद जवळ बाळगावे लागत, आणि एखादा कागद नसला तर त्याचे काय होई, ही बाजू आपल्याकडे फारशी कोणी पाहिलेली नाही. मला तीच बाजू महत्त्वाची वाटते.

सुरुवात गुलामगिरीपासून करावी लागते. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने रद्द झाली आणि १८३८ पर्यंत गुलाम खऱ्या अर्थाने मोकळे झाले. त्या गुलामांत मुसलमानही होते. पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या मंदिंगो लोकांची पोर्ट ऑफ स्पेनमध्ये एक जमात होती. युनुस मोहम्मद बाथ हे तिचे म्होरके. वर्गणी काढून आपल्या भाईबंदांना गुलामीतून विकत सोडवणे हे त्यांचे काम. १८३० च्या दशकात या लोकांनी इंग्लंडच्या राजदरबारी अर्ज केले की, आम्हांला आमच्या वतनाला परत जाऊ द्या, जहाजाची सोय करा. सरकारने नकार दिला. त्रिनिदादच्या मुसलमानांचा सरकारी दप्तराशी आलेला पहिला ठळक संबंध हा असा, परतीच्या नामंजूर अर्जाचा.

मोकळे झालेले गुलाम मळ्यांवर पूर्वीच्या मजुरीवर राबायला तयार होईनात. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे नजर वळवली. १६ फेब्रुवारी १८४५ रोजी कलकत्त्याहून एक जहाज निघाले आणि ३० मे रोजी त्रिनिदादला लागले. त्यातून सुमारे सव्वादोनशे मजूर उतरले. इंग्रजी दप्तरात या जहाजाचे नाव ‘फेटल रझॅक’ आणि आणखी दोन-चार तऱ्हांनी लिहिलेले सापडते. मूळ नाव ‘फत्हुर्रज्जाक’. रज्जाक म्हणजे रोजी देणारा, त्याने दिलेला विजय. जहाजाचे मालक इब्राहिम बिन युसुफ हे मुंबईचे मुसलमान व्यापारी होते. मुंबईचा या कहाणीशी थेट संबंध एवढाच. रत्नागिरीकडची माणसे मजुरीसाठी मॉरिशसला गेली, पण कॅरिबियनचा रस्ता मुख्यतः कलकत्त्यावरून आणि काही प्रमाणात मद्रासवरून जाई. भोजपुरी आणि अवधी मुलखातले शेतकरी, विणकर, विधवा बायका आणि दुष्काळात होरपळलेले लोक त्या रस्त्याने गेले. १९१७ पर्यंत एकट्या त्रिनिदादला सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसे पोहोचली. त्यांत मुसलमान साधारण सातांत एक होते.

पहिली एक-दोन वर्षे नियम कच्चे होते. मजुरांवर देखरेखीसाठी मेजर जेम्स फॅगन यांना मॅजिस्ट्रेट नेमले होते. हिंदुस्थानात नोकरी केलेला हा माणूस. मजुरांची बाजू घेतो म्हणून मळेवाल्यांना खटके आणि अखेर १८४८ मध्ये त्याला दूर केले गेले. मळा सोडून बाहेर जायचे तर मजुराजवळ रजेची चिठ्ठी हवी, नसेल तर शिक्षा, असे नियम १८४६ साली झाले होते. लंडनच्या वसाहत खात्यालाच ते गुलामगिरीच्या वळणाचे वाटले आणि त्याने ते फेटाळले. त्यानंतर व्यवस्था कोसळली. मजूर मळ्यांवरून निघून गेले, कितीतरी जण आजारी आणि उपाशी अवस्थेत रस्त्याकडेला मरून पडले. १८४८ ते १८५१ मजूर आणणेच बंद होते. पुन्हा सुरू झाले तेव्हा सरकारने धडा घेतला, पण तो उलटा घेतला. माणसाची काळजी घेण्याचा नव्हे, त्याला अधिक पक्के बांधण्याचा. फेटाळलेली चिठ्ठी कायद्यात परत आली आणि पुढची साठ-पासष्ट वर्षे टिकली.

या पक्क्या झालेल्या व्यवस्थेतला पहिला कागद कलकत्त्यातच होई. खेड्यापाड्यांतून माणसे गोळा करणाऱ्या दलालाला ‘आरकाटी’ म्हणत. त्रिनिदाद हे नाव तो ‘चिनिदाद’ असे उच्चारी. भोळ्या ऐकणाऱ्याला वाटे की तिथे साखर चाळायची आहे. डेपोत डॉक्टरी तपासणी होई आणि प्रवासाचा पास तयार होई. त्यावर जहाजाचे नाव, मजुराचा नंबर, नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची आणि अंगावरची खूण. लग्न झालेले असल्यास कोणाशी, तेही. जातीच्या रकान्यात मुसलमानांपुढे कधी नुसते ‘मुसलमान’, तर कधी शेख, पठाण, जुलाहा असे लिहिलेले असे. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका जहाजावर असाव्यात असा नियम होता. तो पुरा करण्यासाठी आरकाटी कोणत्या थराला जात हे वेगळे सांगायला नको. तरीही सगळ्याच बायका फसवून नेलेल्या होत्या, असे जे सरसकट लिहिले जाते ते मला पटत नाही. सासरी छळलेली विधवा, नवऱ्याने टाकलेली बाई डेपोच्या दारात स्वतःच्या पायांनी गेली असेल, तर तिच्या त्या निर्णयाचा मानही राखला पाहिजे.

दुसरा कागद कराराचा. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे मजुरांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले. कराराची मुदत पाच वर्षे. विसाव्या शतकाच्या आरंभी धडधाकट पुरुषाला दिवसाला एक शिलिंग अर्धा पेनी, म्हणजे त्या वेळचे साडेबारा आणे, मजुरी ठरलेली होती. वर्षाला २८० दिवस, रोज नऊ तास काम. कागदावर आकडा चांगला दिसे. प्रत्यक्षात काम नेमून दिलेल्या तुकड्यावर मोजले जाई आणि तुकडा पुरा झाला नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडे. दहा वर्षे बेटावर काढली की परतीचा प्रवास फुकट, हे मोठे आमिष होते. पण १८९५ नंतर भरती झालेल्या पुरुषांना परतीच्या भाड्याचा पाव हिस्सा आणि १८९८ नंतरच्यांना अर्धा हिस्सा स्वतः भरावा लागू लागला. बायकांना अनुक्रमे सहावा आणि तिसरा.

या अटी हिंदी-उर्दूतही छापलेल्या असत. म्हणजे आपल्या लिपीतला कागद मजुराच्या हातात होता. परंतु त्या कागदावर मजुरी, तास आणि परतीचा प्रवास यांचा तपशील असे. कामावर न आल्यास, आज्ञा मोडल्यास, बिनचिठ्ठीचे बाहेर पडल्यास तुरुंग आहे, हे त्यावर स्पष्ट सांगितलेले नसे. नोकराने काम सोडले तर मालकाने त्याची मजुरी कापावी, फार तर दिवाणी दावा लावावा. इथे तो फौजदारी गुन्हा होता. वाचता येणाऱ्यालाही जे छापलेलेच नाही ते कसे वाचता येणार?

१८६६ पासून जहाजे पोर्ट ऑफ स्पेनजवळच्या नेल्सन या चिमुकल्या बेटावर लागत. तिथे पुन्हा तपासणी होई, नावे मोठ्या रजिस्टरात चढत, आणि मजुरांची मळ्यांवर वाटणी होई. पुढची पाच वर्षे मळ्याची हद्द हीच त्याची दुनिया. दुसऱ्या मळ्यावर राहणाऱ्या भावाला भेटायचे असले तरी मॅनेजरची चिठ्ठी लागे.

पाच वर्षे पुरी झाली की तिसरा कागद मिळे. करारातून सुटल्याचा दाखला. लोक त्याला ‘फ्री पेपर’ म्हणत, आपण मोकळीकीचा कागद म्हणू. आणि इथेच या व्यवस्थेची खरी मेख आहे. मोकळा झालेला माणूस मोकळा आहे हे त्याच्या तोंडाकडे पाहून कोणी मानत नसे. हिंदी चेहरा दिसला की तो कोणत्यातरी मळ्यावरून पळालेला असणार, असे धरून पोलीस त्याला अडवत. कागद दाखव. नसला तर वॉरंटाशिवाय अटक, खातरी होईपर्यंत कोठडी. त्याच रस्त्यावरून चालणाऱ्या इतर वंशाच्या माणसाला असा कागद कोणी विचारत नसे. आपण गुन्हेगार नाही हे सिद्ध करण्याचा भार एकाच जमातीवर टाकलेला होता. दहा-वीस वर्षे बेटावर काढलेले दुकानदार, गाडीवान, शेतकरी यांनाही तो कागद फडक्यात गुंडाळून बरोबर न्यावा लागे. १८९७ साली प्रिन्सेस टाउन येथे ईस्ट इंडियन नॅशनल असोसिएशन उभी राहिली, ती मोकळ्या हिंदी लोकांवरच्या अशाच बंधनांविरुद्ध. अर्ज, निवेदने, सभा हे सनदशीर मार्ग त्या लोकांनी तिथे फार लवकर आत्मसात केले.

मी उर्दू शाळेत शिकवते. दाखल्यावरचे नाव दुरुस्त करून द्या म्हणून पालक येतात तेव्हा मला हा फ्री पेपर आठवतो. जनरल रजिस्टरमध्ये एकाच मुलाचे नाव पहिलीत ‘शेख महंमद’, चौथीत ‘मोहम्मद शेख’ आणि आधार कार्डावर तिसरेच. बापाच्या नावात एखादी वेलांटी इकडची तिकडे. २०१९-२० च्या सुमारास तर आजोबांच्या शाळेच्या दाखल्यासाठी माणसे जुनी रजिस्टरे उघडायला लावत होती. कारकुनाच्या हाताने चुकून पडलेल्या एका अक्षराचे ओझे घरातल्या तीन पिढ्या कसे वाहतात, हे आपल्याला त्रिनिदादच्या इतिहासावरून शिकावे लागत नाही. पण तो इतिहास वाचताना ओळखीचा वाटतो, हेही खरे.

सरकारला माणसे परत पाठवण्याचा खर्च जड वाटू लागला तेव्हा त्याने आणखी एक कागद काढला. १८६९ पासून, गव्हर्नर गॉर्डन यांच्या कारकिर्दीत, परतीचा हक्क सोडणाऱ्याला दहा एकर सरकारी जमीन मिळू लागली. पुढे पाच एकर आणि पाच पौंड अशीही तडजोड झाली. १८८० च्या सुमारास ही योजना बंद पडली. कोणी काहीही म्हणो, त्रिनिदादचा हिंदी शेतकरी या जमिनीवर उभा राहिला. सगळे मिळून परतले ते आलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहूनही कमी.

चिठ्ठी, दाखला यांची ही सवय सरकारला इतकी लागली की सणालाही परवाना लागू झाला. मोहरमला तिथे ‘होसे’ म्हणतात. हुसेन या नावाचेच ते रूप. आपण ज्यांना ताबूत-ताजिये म्हणतो ते ऊसमळ्यावरचे मजूर बांबू आणि रंगीत कागदाचे करत, ढोल-ताशांच्या गजरात मिरवत आणि पाण्यात विसर्जित करत. त्यात शिया-सुन्नी असा भेद उरला नव्हता. हिंदू मजूर मोठ्या संख्येने सामील होत, आफ्रिकन वंशाचे लोकही ढोल वाजवत. मळ्यामळ्यांतले मजूर वर्षातून एकदा एकत्र येतात ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत सलत होती. १८८४ साली मिरवणुकांना शहरांत येण्यास बंदी झाली. बंदी उठवा म्हणून जो अर्ज गेला त्यावर पहिले नाव सुखू या हिंदू माणसाचे होते. त्याच्याबरोबर आणखी एकतीस जण. अर्ज फेटाळला गेला.

३० ऑक्टोबर १८८४, मोहरमची दहावी तारीख. ताजिये घेऊन मजूर सान फर्नांडो शहराच्या वेशीवर आले. मॅजिस्ट्रेटने दंगलविरोधी कायदा इंग्रजीतून वाचला. ढोलांच्या आवाजात तो किती जणांना ऐकू गेला आणि ऐकू गेलेल्यांपैकी किती जणांना समजला असेल! मग गोळीबार झाला. सरकारी हिशेबाने सोळा माणसे मेली आणि शंभरावर जखमी झाली. मृतांचा आकडा याहून जास्त होता असे मानणारेही आहेत. जमैकाचे गव्हर्नर सर हेन्री नॉर्मन यांनी चौकशी केली आणि अधिकाऱ्यांना दोषमुक्त ठरवले. मृतांत हिंदू होते आणि मुसलमानही होते. आपल्याकडच्या गावोगावच्या मोहरमची ज्यांना ओळख आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

गोळीबाराची आठवण राहते, कारण त्यात रक्त असते. पण माझ्या मते त्याहून खोल जखम एका न दिलेल्या कागदाने केली, आणि तो कागद निकाहाचा. मळ्यावर मौलवीने पढवलेला निकाह कायद्याच्या लेखी निकाहच नव्हता. हिंदूंच्या विवाहाचीही तीच गत. १८८१ च्या कायद्याने इमिग्रेशन खात्यात लग्न नोंदवण्याची सोय झाली, परंतु फी, हेलपाटे आणि परका अधिकारी. फार थोड्यांनी ती वापरली. चार माणसांसमोर, मेहर ठरवून, कबूल है म्हणून झालेल्या लग्नाला सरकारी शिक्का कशाला, असे त्यांना वाटले असणार. परिणाम असा झाला की जन्मनोंदीत त्यांची मुले अनौरस ठरली. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याने घाम गाळून मिळवलेल्या जमिनीवर बायकोचा आणि मुलांचा हक्क कायद्याने उभा राहत नसे; ती सरकारजमा होण्याची पाळी येई. ज्या सरकारने माणसाची उंची मोजली, अंगावरचा डाग लिहून घेतला, जात विचारली, त्याला त्याची बायको मात्र दिसली नाही. मुसलमानांच्या विवाहांना स्वतंत्र कायदेशीर मान्यता मिळाली ती १९३० च्या दशकाच्या मध्यावर, म्हणजे फत्हुर्रज्जाक लागल्यानंतर नव्वद वर्षांनी. हिंदूंना आणखी दहा वर्षे थांबावे लागले.

करारपद्धत बंद होण्यात आपल्या मातीचा वाटा आहे. गोपाळ कृष्ण गोखले हे रत्नागिरी जिल्ह्यातले. १९१० साली नाताळला मजूर पाठवणे थांबवावे असा ठराव त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात आणला. त्या चर्चेत मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी, तरुण बॅरिस्टर जीना यांनी तिथल्या वागणुकीला क्रूर म्हटले आणि व्हाइसरॉय मिंटो यांनी त्यांना शब्द जपून वापरायला सांगितले. जीना मागे हटले नाहीत. पुढे ४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी सगळ्याच वसाहतींतली करारपद्धत रद्द करण्याचा ठराव मांडला. त्यांचा मुख्य मुद्दा तोच होता : अडाणी माणसाला ज्या कायद्याखाली बांधता तो कायदा त्याला सांगितलेलाच नसतो. सरकारी बहुमताने ठराव पडला. १९१५ मध्ये गोखले वारले. दुसऱ्या वर्षी पंडित मालवीयांचा ठराव सरकारने तत्त्वतः मान्य केला, महायुद्धाच्या धामधुमीत १९१७ च्या मार्चमध्ये भरती थांबली आणि ‘गॅंजीस’ हे अखेरचे जहाज त्याच एप्रिलमध्ये त्रिनिदादला लागले. उरलेले करार १९२० च्या आरंभी रद्द झाले.

१९६२ साली त्रिनिदाद-टोबॅगो स्वतंत्र झाले. आता तिथे परक्या माणसाने तीस दिवसांहून जास्त काम करायचे तर वर्क परमिट लागते, आणि त्यासाठी अर्ज नोकरी देणाऱ्याने करायचा असतो. प्रत्येक देश असे नियम करतो, त्यात गैर काही नाही. पण मालकाच्या नावाशी जोडलेला परवाना कामगाराला किती मिंधा करतो हे त्या बेटाइतके कोणाला कळावे? व्हेनेझुएलाची घडी विस्कटली तेव्हा तिथले लोक होड्यांतून पारिया आखातातून येऊ लागले. याच आखातातून एके काळी मजुरांची जहाजे येत. २०१९ च्या ३१ मेपासून दोन आठवडे सरकारने त्यांची नोंदणी केली. सुमारे साडेसोळा हजार लोक रांगेत उभे राहिले. त्यांना वर्षभर काम करू देणारे कार्ड मिळाले, पुढे त्याची मुदत वेळोवेळी वाढवावी लागली. नोंदणी संपताच व्हेनेझुएलाच्या लोकांना व्हिसा सक्तीचा झाला. बापाला कामाची परवानगी होती, मुलाला सरकारी शाळेचे दार बंद होते; ते थोड्या मुलांसाठी उघडायला २०२४ साल उजाडले. भारतीयांच्या आगमनाचा दिवस म्हणून ३० मे हा त्या देशात सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. नोंदणी सुरू झाली ती बरोबर त्याच्या दुसऱ्या दिवशी. हा योगायोग तिथल्या किती जणांच्या लक्षात आला असेल, कोण जाणे.

मजुरांची ती जाडजूड रजिस्टरे आज पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. २०११ साली युनेस्कोने फिजी, गयाना, सुरीनाम आणि त्रिनिदाद येथील हे दप्तर जागतिक स्मृतीच्या यादीत घेतले. शमशु दीन या भूगोलाच्या शिक्षकाने ती पाने उलटून शेकडो कुटुंबांना त्यांचे मूळ गाव शोधून दिले. ज्या कागदासाठी पणजोबा तुरुंगात गेला तो कागद पणतू आता चौकट करून भिंतीवर लावतो.

जुलै २०२५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी पोर्ट ऑफ स्पेन येथे जाहीर केले की तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळेल. त्यासाठी वंश सिद्ध करावा लागतो. रजिस्टरातल्या एका नंबरापासून आजच्या अर्जदारापर्यंत जन्माच्या आणि लग्नाच्या दाखल्यांची साखळी जुळवावी लागते. कोणाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे असते. आणि कितीतरी जणांची साखळी पणजीपाशी येऊन तुटते, कारण तिचा निकाह कुठे नोंदलेला नाही आणि तिच्या मुलाच्या जन्मनोंदीत बापाच्या नावाचा रकाना कोरा आहे.